विधी प्रवेशाच्या अर्जातील गुणांची सरासरी : मेमो, सीजीपीए आणि पंचेचाळीस टक्क्यांची रेषा

विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेश अर्जात एक लहानसा रकाना असतो : अर्हता परीक्षेत मिळालेल्या गुणांची टक्केवारी. नाव, जन्मतारीख, पत्ता, जात प्रवर्ग या रकान्यांइतकाच तो निरुपद्रवी दिसतो आणि बहुधा घाईतच भरला जातो. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हा रकाना सर्वांत अवघड ठरतो. एकाच इंटरनेट सेंटरवर रांगेत उभ्या असलेल्या पाच जणांपैकी एकाच्या हाती तेलंगणा इंटरमीडिएट मंडळाचा हजार गुणांचा मेमो असतो, दुसऱ्याजवळ किनवटच्या कनिष्ठ महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्याची महाराष्ट्र मंडळाची गुणपत्रिका असते. तिसऱ्याकडे वरंगळच्या काकतीय विद्यापीठाची पदवी आणि तीवरील सीजीपीए असतो, चौथा हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचा अभियंता असतो, तर पाचव्याने सीबीएसईची बारावी केलेली असते. पाचही जणांना त्याच रकान्यात एकच आकडा लिहायचा असतो. तो कसा काढायचा, हे अर्जावर सविस्तर सांगितलेले नसते.

ही सरमिसळ या जिल्ह्याच्या इतिहासातूनच आली आहे. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे आणि राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. पैनगंगा ही सीमा झाली, पण सोयरिकी, बाजार आणि शाळा-कॉलेजांची ये-जा काही थांबली नाही. बेला, जैनथ, तामसी या भागांतील कितीतरी घरांत थोरल्याचे शिक्षण एका राज्यात आणि धाकटीचे दुसऱ्या राज्यात झालेले आढळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. पदवी महाविद्यालयांची संलग्नता मात्र काकतीय विद्यापीठाकडेच राहिली. विधी शिक्षणासाठी येथील विद्यार्थी वरंगळ, निजामाबाद किंवा हैदराबाद गाठतात, नाहीतर सीमा ओलांडून नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर. यांतील प्रत्येक वाटेवर गुणांची भाषा थोडी निराळी आहे.

पंचेचाळीस, बेचाळीस, चाळीस

या साऱ्याचा पाया भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजेच बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, २००८ सालच्या विधी शिक्षण नियमांत आहे. त्या नियमांनुसार पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी बारावी आणि तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवी ही अर्हता परीक्षा होय. तीत खुल्या प्रवर्गातील उमेदवारास एकूण गुणांच्या किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास किमान ४० टक्के गुण असावे लागतात. इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४२ टक्के आहे. तेलंगणात राज्य उच्च शिक्षण परिषदेच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या लॉसेट या प्रवेश परीक्षेच्या माहितीपत्रकात हेच तीन आकडे येतात. महाराष्ट्रातील सीईटी कक्षाच्या विधी प्रवेश परीक्षेतही तेच आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत पदवी अभ्यासक्रमासाठी सर्वसाधारण उमेदवारास ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के, तर एलएलएमसाठी अनुक्रमे ५० आणि ४५ टक्के लागतात. हैदराबादच्या नालसारचा दरवाजा याच परीक्षेतून उघडतो.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, उत्तीर्ण होणे आणि पात्र होणे यांत अंतर आहे. इंटरमीडिएटला प्रत्येक विषयात ३५ टक्क्यांवर उत्तीर्ण होता येते. हजारपैकी ४३० गुण मिळवणारा खुल्या प्रवर्गातील विद्यार्थी इंटर उत्तीर्ण असतो, नोकरीच्या पुष्कळ अर्जांत तो पात्रही ठरतो, पण पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी नाही. त्याला ४५० गुण हवेत. मागासवर्गीय विद्यार्थ्यास ४२०, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यास ४००. पदवीच्या बाबतीतही हेच खरे आहे. सर्व विषय सुटले म्हणजे पंचेचाळीस टक्के झाले, अशी समजूत घरोघरी आढळते आणि तिची किंमत समुपदेशनाच्या दिवशी कळते.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. येथे पूर्णांकन चालत नाही. लॉसेटच्या नियमांत ते स्पष्ट शब्दांत सांगितले आहे : ४४.५ टक्क्यांचे ४५ होत नाहीत, ४१.५ चे ४२ होत नाहीत आणि ३९.५ चे ४० होत नाहीत. शाळेपासून आपल्याला अर्ध्याच्या वर गेले की पुढचा पूर्णांक धरण्याची सवय लागलेली असते. ‘साधारण पंचेचाळीस आहेत की’ असे म्हणून अर्ज भरला जातो. संगणक तो स्वीकारतो, कारण उमेदवाराने टंकलेला आकडा बरोबर आहे की नाही हे त्या क्षणी संगणकाला कळत नाही. मग प्रवेश परीक्षा होते, क्रमांक चांगला येतो, घरात पेढे वाटले जातात आणि मूळ मेमो टेबलावर ठेवल्यावर ४४.८ हा आकडा बोलू लागतो. प्रवेश परीक्षेतील यश अर्हता परीक्षेतील उणीव भरून काढीत नाही. या दोन कसोट्या स्वतंत्र आहेत.

न्यायालयेही या बाबतीत सढळ नाहीत. ओडिशातील न्यायिक सेवेच्या परीक्षेत एका उमेदवारास लेखी परीक्षेत एकूण ४४.९३ टक्के गुण मिळाले होते आणि नियमाप्रमाणे ४५ टक्के हवे होते. उच्च न्यायालयाने पूर्णांकनाचा लाभ दिला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि नियमात पूर्णांकनाची तरतूद नसेल तर ते करता येत नाही, असे ठरवले. शंभरात सात शतांशांची ती उणीव होती. त्या उमेदवाराविषयी कोणालाही सहानुभूती वाटेल, परंतु किमान मर्यादा कोठेतरी आखावीच लागते आणि जिथे आखली तिथे कोणीतरी अगदी काठावर उभा असतोच.

सीजीपीए म्हणजे टक्केवारी नव्हे

खरा गोंधळ सुरू होतो तो पदवीधरांपासून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली श्रेयांक पद्धतीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि तेलंगणातील विद्यापीठांनी २०१६-१७ पासून पदवी स्तरावर ही पद्धत स्वीकारली. तीत प्रत्येक विषयाला काही श्रेयांक असतात आणि मिळालेल्या गुणांवरून श्रेणी ठरते. आयोगाच्या नमुन्यात ओ या श्रेणीस १० अंक, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५ आणि केवळ उत्तीर्ण असलेल्या पी श्रेणीस ४ अंक आहेत. विद्यापीठांनी यात आपापल्या सोयीने फेरफार केले आहेत. विषयाचे श्रेयांक आणि श्रेणीचे अंक यांचा गुणाकार करून, साऱ्या विषयांची बेरीज करून, एकूण श्रेयांकांनी भागले की सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, मिळते. सर्व सत्रांची अशीच भारित सरासरी काढली की सीजीपीए. आयोगाच्या मते तो दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदवावा.

‘भारित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सहा सत्रांचे सहा आकडे मिळवून सहाने भागणे ही सर्रास होणारी चूक आहे. समजा, एका सत्रात २० श्रेयांक होते आणि सरासरी ६.०० आली, दुसऱ्यात २५ श्रेयांक होते आणि सरासरी ५.०० आली. साधी सरासरी ५.५० येईल. खरी सरासरी मात्र १२० अधिक १२५, म्हणजे २४५ भागिले ४५, अर्थात ५.४४ आहे. फरक सहा शतांशांचाच आहे. पण काठावर उभे असणाऱ्यास तेवढा पुरतो. त्यातून तो फरक उमेदवाराच्या बाजूने झुकलेला असेल, तर पडताळणी करणाऱ्याला ती चूक न वाटता चलाखी वाटू शकते.

आता या सीजीपीएची टक्केवारी कशी करावी? येथे प्रत्येक जण आपल्या माहितीतले सूत्र वापरतो आणि त्या सूत्रांचे जन्मस्थान बहुधा कोणालाच ठाऊक नसते. सर्वांत लोकप्रिय आहे तो ९.५ चा गुणक. तो सीबीएसईने दहावीच्या श्रेणी पद्धतीसाठी सांगितला होता. ९१ ते १०० गुणांच्या पहिल्या श्रेणीतील विद्यार्थ्यांचे सरासरी गुण ९५ च्या आसपास येत असल्याने १० अंकांचे ९५ टक्के धरले गेले. ती श्रेणी पद्धत २०१७ नंतर संपली. काकतीय किंवा उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीशी या गुणकाचा काडीचाही संबंध नाही, तरीही पदवीच्या सीजीपीएला तो लावणारे आजही भेटतात. दुसरे सूत्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पुस्तिकेतील : सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणावे, म्हणजे ६.२५ चे ५५ टक्के. तिसरे हैदराबादच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे : ०.५ वजा करून दहाने गुणावे. मुंबई विद्यापीठाने अभियांत्रिकीसाठी एके काळी सांगितलेले सूत्र आणखी निराळे होते, ७.१ ने गुणून त्यात ११ मिळवावेत असे. आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो सरळ दहाने गुणतो.

या पाच सूत्रांत ५.०० हा एकच सीजीपीए घालून पाहावा. दहाने गुणल्यास ५० टक्के, साडेनऊने गुणल्यास ४७.५, मुंबईच्या त्या सूत्राने ४६.५, हैदराबादच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सूत्राने नेमके ४५ आणि तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्राने ४२.५. म्हणजे तोच विद्यार्थी, तीच पदवी, तोच अभ्यास, पण चार सूत्रांनी तो खुल्या प्रवर्गात पात्र ठरतो आणि एका सूत्राने अपात्र. त्यातील तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सूत्राने तर तो अगदी रेषेवर पाय ठेवून उभा राहतो, ४.९९ असता तर नसता. सोयीचे सूत्र निवडण्याचा मोह येथेच होतो. इंटरनेटवरील गणनयंत्रे हा मोह वाढवतात, कारण ती विद्यापीठाचे नावही न विचारता उत्तर देतात.

यावर एकच उपाय आहे आणि तो जुना आहे : ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याचेच सूत्र, त्याच्याच शिक्क्यानिशी. काही विद्यापीठे एकत्रित गुणपत्रकाच्या पाठीवर रूपांतराचा नियम छापतात. तो छापला असेल तर त्याप्रमाणे आकडा काढून त्या पाठपानाची प्रत जोडावी. छापलेला नसेल तर परीक्षा विभागाकडे शुल्क भरून रूपांतर प्रमाणपत्र मागावे. काही गुणपत्रकांवर श्रेणींबरोबर प्रत्यक्ष गुणही असतात आणि मग गुणांवरून काढलेली टक्केवारी व सीजीपीएवरून काढलेली टक्केवारी यांत दोन-तीन टक्क्यांची तफावत पडते. हे स्वाभाविक आहे. श्रेणी म्हणजे गुणांचा पट्टा. ५६ गुण आणि ५९ गुण एकाच श्रेणीत बसले की त्यांचा अंक एकच होतो. अशा वेळी अर्जाने काय विचारले आहे ते वाचावे. गुण विचारले असतील तर गुण द्यावेत, सीजीपीए विचारला असेल तर सीजीपीए द्यावा आणि कितीपैकी आहे तेही लिहावे. दोन्हींपैकी मोठा आकडा निवडून त्याला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

एकूण म्हणजे एकूण

नियमात ‘एकूण गुण’ असे शब्द आहेत. इंटरमीडिएटच्या मेमोवर दोन्ही वर्षांची बेरीज हजारपैकी असते. त्यातून इंग्रजी व दुसरी भाषा वगळून केवळ गटविषयांची टक्केवारी काढणे हे चुकीचे आहे, मग ती सीईसी गटाच्या विद्यार्थ्याला कितीही लाभाची असो. पदवीतही भाषांचे गुण वगळून केवळ मुख्य विषयांची सरासरी देण्याची चाल आहे. जिथे माहितीपत्रक तसे सांगत नाही तिथे ती देऊ नये. दुसऱ्या बाजूने, महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी छापलेलीच असते. ती जशी आहे तशी दशांशांसह उतरवावी. सीबीएसईची गोष्ट निराळी आहे. ते मंडळ स्वतः एकूण टक्केवारी काढून देत नाही. विद्यार्थ्याने पाचाहून अधिक विषय घेतले असतील तर कोणते पाच धरायचे हे प्रवेश देणाऱ्या संस्थेने ठरवावे, अशी त्याची भूमिका आहे. म्हणून सीबीएसईच्या विद्यार्थ्याने लॉसेट आणि क्लॅट यांची माहितीपत्रके स्वतंत्रपणे वाचणे इष्ट.

पुरवणी परीक्षेत सुटलेल्या विषयांविषयी विद्यार्थी चाचरत विचारतात. त्यांचे गुण लपवावे लागत नाहीत आणि ते वगळताही येत नाहीत. अंतिम एकत्रित मेमोवर जे गुण आहेत तेच खरे. सुधार परीक्षा देऊन मंडळाने नवा मेमो दिला असेल तर तो धरावा, मात्र जुन्या मेमोवरील एका विषयाचे आणि नव्या मेमोवरील दुसऱ्या विषयाचे गुण निवडून स्वतःचा तिसराच मेमो मनात तयार करू नये. ही विनोदाची गोष्ट वाटेल, पण अशी बेरीज केलेले कागद प्रत्यक्ष पाहण्यात येतात.

शेवटच्या सत्राचा निकाल लागायचा असतानाही लॉसेटचा अर्ज भरता येतो. तेथे निकाल प्रतीक्षेत असल्याचे नोंदवावे. अंदाजाची टक्केवारी टाकण्याची गरज नसते आणि ती टाकल्याने लाभही नसतो, कारण प्रवेशाच्या वेळी मूळ मेमो द्यावाच लागतो. मुक्त विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी आणखी एक अट आहे. दहावी-बारावीसारखी मूळ पायरी न चढता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर विधिज्ञ परिषदेच्या नियमांतील स्पष्टीकरणानुसार तो उमेदवार विधी प्रवेशास पात्र ठरत नाही, टक्केवारी कितीही असली तरी. पायऱ्या क्रमाने चढून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांस ही अडचण नाही.

नदी ओलांडल्यावर

आदिलाबादकरांसाठी टक्केवारीचा प्रश्न प्रवर्गाशी कसा गुंतलेला आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. बंजारा समाज तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो. उटनूर किंवा नारनूर भागातील लंबाडा विद्यार्थ्यास पदवीला ४१ टक्के असतील तर तो तेलंगणात ४० टक्क्यांच्या मर्यादेत पात्र आहे. तोच विद्यार्थी नांदेडला किंवा यवतमाळला अर्ज करतो, तेव्हा त्याचे तेलंगणाचे प्रमाणपत्र तेथे जमातीचा लाभ मिळवून देत नाही, विमुक्त जातीचाही नाही, कारण तो लाभ महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. तो खुल्या प्रवर्गातील राज्याबाहेरचा उमेदवार ठरतो आणि त्याला ४५ टक्के लागतात. उलट दिशेनेही हेच घडते. माहूरकडील बंजारा विद्यार्थी तेलंगणात आला तर त्याचे विमुक्त जातीचे प्रमाणपत्र येथे ४० टक्क्यांची सवलत देणार नाही.

घटनापीठाने १९९० साली हा प्रश्न निकाली काढला आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याने मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयात त्या आधारे प्रवेश मागितला होता. याद्या त्या त्या राज्यापुरत्या असतात, माणूस स्थलांतरित झाला म्हणून त्याचा दर्जा त्याच्यासोबत दुसऱ्या राज्यात जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. सीमेवरच्या समाजांना हे तत्त्व रुचणारे नाही, कारण त्यांच्या दृष्टीने सीमाच १९५६ मध्ये त्यांच्या अंगणातून गेली. अर्ज भरताना मात्र ते पाळावेच लागते. तात्पर्य एवढेच की, आपली टक्केवारी कोणत्या मर्यादेशी ताडायची, हे अर्ज कोणत्या राज्यात करतो त्यावर ठरते. अंध किंवा गोंड यांसारखे समाज दोन्ही राज्यांच्या यादीत असले, तरी प्रमाणपत्र कोणत्या राज्याचे, हा प्रश्न उरतोच.

परदेशी अर्ज

अलीकडे हैदराबादेत शिकलेली मराठी मुले एलएलएमसाठी किंवा थेट जेडीसाठी अमेरिकेचे अर्ज भरू लागली आहेत आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘चारपैकी किती लिहू?’ हा. उत्तर आहे : काहीच लिहू नका. अमेरिकी विधी महाविद्यालयांचे प्रवेश अर्ज बहुतांशी लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल या संस्थेमार्फत जातात. अमेरिकेत किंवा कॅनडात पदवी घेतलेल्यांची सरासरी ती संस्था स्वतः ४.३३ च्या मापावर काढते. त्या दोन देशांबाहेर पदवी घेतलेल्यांचा आकडा ती काढतच नाही, तर गुणपत्रके तपासून सरस, सरासरीहून वर, सरासरी आणि सरासरीखाली अशी शाब्दिक श्रेणी देते. आपल्याकडील साठ टक्के हे तिकडच्या साठ टक्क्यांसारखे नसतात, हे त्या तपासनिसांना ठाऊक असते. प्रथम श्रेणी म्हणजे काय हेही त्यांना माहीत असते. म्हणून ६२ टक्क्यांचे कुठल्यातरी सूत्राने २.४८ करून स्वतःचे नुकसान करण्यात अर्थ नाही आणि ३.७ करून खोटेपणाचा आरोप ओढवून घेण्यातही नाही. गुणपत्रकावर आहे तो आकडा, त्याचे माप आणि वर्गातील क्रमांक माहीत असल्यास तो, एवढे पुरे.

सरासरी फुगवण्याचा मोह अर्जदारांनाच होतो असे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने आपल्याकडे प्रवेश घेणाऱ्यांच्या सरासरी गुणांचे आकडे वर्षानुवर्षे वाढवून प्रसिद्ध केल्याचे २०११ साली उघड झाले आणि पुढच्या वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने त्या संस्थेची जाहीर निर्भर्त्सना करून अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. तेथे मानांकनाची स्पर्धा कारणीभूत होती, येथे जागेची असते.

सनदेपर्यंत जाणारा आकडा

अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेच्या अर्जातील चुकीची टक्केवारी प्रवेशाबरोबर विसरली जाऊ शकते. विधी शाखेत ती तशी विसरली जात नाही, कारण या शिक्षणाच्या शेवटी सनद आहे. वकील म्हणून नोंदणी होताना राज्य विधिज्ञ परिषद पदवीबरोबर त्याआधीचीही कागदपत्रे पाहते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २६ नुसार एखाद्याने महत्त्वाच्या बाबीविषयी चुकीची माहिती देऊन किंवा फसवणुकीने वकिलांच्या पटावर नाव लावून घेतले, असे भारतीय विधिज्ञ परिषदेस आढळल्यास, म्हणणे ऐकून घेऊन ते नाव काढून टाकण्याचा अधिकार तिला आहे. त्यास कालमर्यादा घातलेली नाही.

ही तरतूद कागदावरच राहिली असे म्हणता येत नाही. २०१५ मध्ये विधिज्ञ परिषदेने वकिलांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे नियम केले. ती पडताळणी रेंगाळली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि विद्यापीठांनी व परीक्षा मंडळांनी शुल्क न आकारता वकिलांच्या पदव्या तपासून द्याव्यात असे सांगितले. तेलंगणात उच्च शिक्षण परिषदेने २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींची ऑनलाइन पडताळणी सेवाही सुरू केली आहे. मेमो खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी पूर्वी पत्रव्यवहारात महिने जात, आता ते पडद्यावर दिसते.

चूक आणि लबाडी यांत कायदा भेद करतो, हेही सांगितले पाहिजे. सूत्र चुकले, बेरीज चुकली, सेंटरवरील माणसाने ५४ चे ४५ टंकले, तर ती दुरुस्त करता येणारी चूक आहे. लॉसेटच्या अर्जात दुरुस्तीसाठी काही दिवसांची मुदत दिली जाते. ती टळली असेल तर समन्वयकांकडे लेखी अर्ज करून, त्याची पोच घेऊन ठेवावी. समुपदेशनाच्या दिवशी अधिकाऱ्याने विचारण्याआधी स्वतः सांगितलेली चूक आणि अधिकाऱ्याने शोधून काढलेली चूक यांकडे पाहण्याच्या नजरा निराळ्या असतात. याउलट मेमोवरील आकडा खोडून नवा लिहिणे, दुसऱ्याच्या रूपांतर प्रमाणपत्रावर आपले नाव चढवणे, असा कागद माहीत असून वापरणे, हे भारतीय न्याय संहितेतील फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांविषयीच्या ३१८, ३३६ आणि ३४० या कलमांच्या कक्षेत जाते. दोन-तीन टक्क्यांसाठी हा धोका पत्करणारा मुलगा बहुधा एकटा नसतो, कोणीतरी जाणकार त्याला ‘इतके चालते’ असे सांगत असतो. नोटीस मात्र मुलाच्या नावाने येते.

ज्यांचे गुण खरोखरच कमी पडतात त्यांनी काय करावे? इंटरच्या पातळीवर सुधार परीक्षेचा मार्ग तपासावा. पाच वर्षांचा अभ्यासक्रम हुकला तर पदवीला ४५ टक्क्यांच्या वर राहून तीन वर्षांच्या एलएलबीसाठी जाता येते, कारण तेथे अर्हता परीक्षा पदवी आहे, बारावीचे गुण नव्हेत. ही गोष्ट बारावीत ४३० गुण मिळालेल्या मुलाला वेळेवर सांगितली तर तो तीन वर्षे हातची घालवत नाही. आदिलाबादच्या न्यायालयात ज्यांनी वर्षानुवर्षे वकिली केली, त्यांच्यापैकी कित्येक जण याच वाटेने गेले आहेत.

एक व्यावहारिक सूचना राहिली. काकतीय विद्यापीठाचा परीक्षा विभाग वरंगळला आहे, उस्मानियाचा हैदराबादला, म्हणजे येथून सुमारे ३०० किलोमीटरवर. रूपांतर प्रमाणपत्रासाठी अर्जाबरोबर सर्व सत्रांचे मेमो, एकत्रित गुणपत्रक, ओळखपत्र आणि शुल्काची पावती यांच्या प्रती लागतात आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी कागद परत येतो. मराठी नावे तेलुगू व इंग्रजी नोंदींत उतरताना हा फरक फार वेळा पडतो : देशमुखचा देश्मुक होतो, वडिलांचे नाव कधी आधी येते तर कधी गळते. म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल लागताच, लॉसेटच्या समुपदेशनाची वाट न पाहता, आधी दहावीच्या मेमोवरील नावाशी सारे कागद ताडून घ्यावेत, दुरुस्ती असल्यास ती आधी करावी आणि मगच प्रमाणपत्राचा अर्ज टाकावा. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यावरील टक्केवारी दोन्ही दशांशांसह अर्जात उतरवावी आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत त्याच्यासोबत ठेवावी.